सहावा नारळ

आता जे सांगतो त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हवी तर पैज लावा. मिरकरवाड्याच्या गंगाराम तांडेलानं त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात एकदा खरं सांगितलं. एकदाच. तेही माईक हातात धरून, भाट्याच्या किनाऱ्यावर, चारशे माणसांसमोर. आणि चारशेच्या चारशे माणसं पोट धरून हसली.

पण ते नंतर. आधी गंगाराम हा काय ऐवज होता ते कळायला हवं.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, आभाळ फिरलं तर कुठल्या खाडीत शिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. गंगारामनं एकतीस वर्षं तांडेलकी केली आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सोडली. समुद्र सुटला, पण समुद्राच्या गोष्टी सुटेनात. जेटीवर बर्फाच्या गाडीशी बसून तो सांगत राहायचा. ऐकणारे मात्र वर्षागणिक कमी होत गेले. जे उरले तेही "आलोच हां तांडेल" म्हणून उठायचे ते त्या दिवसापुरते गायबच.

मग त्याची नात सानिका, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली, तिनं त्याला फेसबुकवर खातं काढून दिलं. फोटोसाठी एका भल्यामोठ्या ट्रॉलरच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, त्याला उभं केलं. ट्रॉलर दुसऱ्याचा, डोक्यावरची टोपी तिसऱ्याची, आणि केस सानिकानं मोबाइलमध्येच उगवलेले. खाली लिहिलं, 'गंगाराम तांडेल. सात वादळं बघितली, भीती एकदाही नाही.'

गोदूबाईनं, त्याच्या बायकोनं, मोबाइल हातभर लांब धरून फोटो बघितला.

"हा कोण गो?"

"अगं, मीच."

"तुम्ही? मग माझ्यासमोर हा टकलू कोण बसलाय?"

सानिका खिदळली. गोदूबाईनं चाळीस वर्षं बंदरावर लिलावात मासळी घेतली होती आणि बाजारात बसून विकली होती. तिनं फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पाटी भरतात तशी आहे ही. वर चार मोठी पापलेटं मांडायची, शेपट्या सगळ्या एका बाजूला. मी बाय, तळाला हात घातल्याशिवाय कधी पाटी उचलली नाही."

"आजी, सगळेच असं टाकतात. माझा आरे-वारेचा फोटो आवडला ना तुला? त्या दिवशी मला ताप होता, नाक सुजून हे एवढं झालेलं. दिसतं त्यात?"

"नाय दिसत."

"मग खोटा झाला का तो?"

गोदूबाईनं जरा विचार केला. "खोटा कशाला? वर मांडलेली पापलेटं पण त्या पाटीतलीच असतात. पण तेवढीच पाटी नसते, एवढंच."

गंगारामला या चर्चेत गम्य नव्हतं. त्याला ऐकणारे मिळाले होते. रोज सकाळी चहा झाला की तो सांगायचा आणि सानिका टाइप करायची. सुरुवात ठरलेली, 'विश्वास बसणार नाही, पण...' मग काय वाट्टेल ते. एकदा म्हणे गुहागरसमोर धुकं इतकं दाट पडलं की त्यानं कोयतीनं त्याला चौकोनी खिडकी पाडली आणि तिच्यातून दीपस्तंभ बघत बोट हाकली. एकदा एक सुरमई जाळ्यात सापडली, तिनं जाळ्यासकट बोट उलटी ओढत थेट मिरकरवाड्यात आणून लावली आणि डिझेल वाचलं म्हणून मालकानं त्या सुरमईला सोडून दिलं. लोक वाचायचे, हसायचे, खाली लिहायचे, 'आबा, अजून!' दिवाळीपर्यंत अकरा हजार माणसं त्याच्या मागं लागली. दुबईहून, नाशकाहून, कुठून कुठून. ज्याला जेटीवर तीन श्रोते मिळत नव्हते, तो आता सकाळी उठून आधी अंगठे मोजायचा.

पण सगळ्यांत गाजली ती केरूची गोष्ट. 'विश्वास बसणार नाही, पण जयगडच्या बाहेर वादळात माझा खलाशी केरू, देवरुखच्या पुढच्या गावचा, समुद्रात पडला. मी उडी मारली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर दातांत धरून दोन मैल पोहत आणला.' लोकांनी ती इतकी डोक्यावर घेतली की गंगारामला दर महिन्याला ती पुन्हा सांगावी लागली. गणपतीत दोन मैलांचे चार झाले. दिवाळीत सात. मध्येच एक मुशी, म्हणजे शार्क, येऊन गेली. तिच्या नाकावर गंगारामनं गुद्दा मारला, त्या मुशीनं म्हणे माफी मागितली.

सगळं बदलत गेलं, पण एक गोष्ट कधी बदलली नाही. केरूचं नाव आणि केरूचं गाव. सानिका एकदा म्हणाली पण, "आबा, दुसरं नाव घालू का? तो खरा माणूस असला तर?" तर गंगाराम एकदम खेकसला, "नाव तेच राहू दे!" मग स्वतःच ओशाळला आणि सुपारी शोधायला लागला.

आता खरं काय झालं होतं, ते ऐका.

पस्तीस वर्षांपूर्वी, जयगडच्या बाहेर, पहाटेची वेळ. वादळबिदळ काही नव्हतं, नुसता वारा होता. जाळं पंख्यात अडकलं म्हणून गंगाराम कोयती घेऊन बोटीच्या मागच्या कडेवरून वाकला. तेवढ्यात एक लाट आली आणि पाटीवरचं अक्षर पुसावं तसं त्याला पुसून घेऊन गेली. बाकीचे पाचही खलाशी खाली झोपलेले. जागा एकटा केरू, सगळ्यांसाठी भात शिजवत होता. केरू समुद्रावरचा नव्हेच. शेतकऱ्याचा मुलगा, पोटासाठी बोटीवर आलेला. पण बावनदीच्या काठी वाढलेला. पुरात वाहत आलेली लाकडं पोहून ओढून आणायची, हा त्याचा लहानपणचा खेळ. त्यानं दोराचं एक टोक बोटीला, दुसरं कमरेला बांधलं आणि हातातला भात ढवळायचा करवंटीचा डवला ठेवायचंही भान न राहता तसाच पाण्यात गेला. गंगाराम दोनदा खाली जाऊन आला होता. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा तोंडासमोर भाताची शितं चिकटलेला डवला होता आणि त्याच्या पलीकडून केरू ओरडत होता, "धरा तांडेल!"

गंगारामनं धरला. कारण, आणि इथं आवाज जरा खाली आणायला हवा, गंगाराम तांडेलाला पोहता येत नव्हतं.

हसू नका. पोहायचं असतं तर बोट कशाला बांधली, असं तो स्वतःला समजावत आला होता. आणि तांडेलाला कोण विचारणार की तुम्हाला पोहता येतं का? भटजीला कोणी विचारतं का, तुम्हाला जानवं घालता येतं का?

दोर धरून दोघं वर आले. आवाजानं खलाशी जागे होऊन धावत आले. "काय झालं? कोण पडलं?" गंगारामच्या तोंडातून खारं पाणी आणि शब्द एकदमच बाहेर पडले, "केरू पडला होता. काढला मी."

केरूनं एकदा तांडेलाकडे बघितलं. ओठ थरथरत होते, थंडीनं असतील. मग म्हणाला, "भात लागला वाटतं," आणि चुलीकडे गेला.

त्या वर्षीचा हंगाम संपला, खलाशी घरी गेले. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गंगारामची एक पद्धत होती. एसटीच्या कंडक्टरकडे एकेक नारळ द्यायचा, तो खलाशाच्या गावच्या थांब्यावर उतरवायचा. नारळ आला की खलाशानं समजायचं, तांडेलाचा सांगावा आला, चला. त्या वर्षी त्यानं पाच नारळ धाडले. सहावा हातात घेऊन तो स्टँडवर देवरुखच्या गाडीपाशी उभा राहिला. गाडी सुटली आणि नारळ हातातच राहिला. केरू बोटीवर आला असता तर रोज जेवताना समोर दिसला असता.

"हा एक उरला कसा?" घरी आल्यावर गोदूबाईनं विचारलं.

"जास्तीचा घेतलेला."

तिनं तो फोडून बांगड्याच्या आमटीत घातला. त्या दिवशी गंगाराम ताटावरून लवकर उठला.

तर आता जानेवारीत काय झालं, दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या.

मंगळवारी विनीत आला. विनीत वाडीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. मंडळानं शाळेतल्या मुलांसाठी भाट्याला समुद्रात पोहायची शर्यत ठेवली होती.

"आबा, पाहुणे तुम्ही. सात मैल पोहलेला माणूस आपल्या वाडीत असताना बाहेरचा कशाला?"

"येईन की," गंगाराम फुलून म्हणाला.

"आणि उद्घाटनाची पहिली उडी तुमची. होडीतून. वर सगळं लाइव्ह."

गंगारामनं कप बशीत ठेवून दिला. "थंडी आहे रे, विनीत."

"तुम्हाला थंडी? मुशीला गुद्दा मारलेला माणूस तुम्ही!"

गुरुवारी सानिकानं मोबाइल समोर धरला. केरूच्या गोष्टीखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'मी सानवी, केरूची नात. आजोबांना तुमच्या सगळ्या पोस्ट वाचून दाखवते. ते काही बोलत नाहीत, नुसते हसतात. शर्यतीचं कळलं. रविवारी सकाळच्या गाडीनं ते भाट्याला येत आहेत.'

नुसते हसतात. गंगाराम ते दोन शब्द तीन दिवस चघळत राहिला. हसतात म्हणजे कसे? गालात? दात दाखवून? माणूस हसतो तेव्हा माफ करतो की लक्षात ठेवतो? रविवारी किनाऱ्यावर केरू उभा राहणार, माईक हातात घेणार, आणि अकरा हजार माणसांच्या डोळ्यांदेखत पाटीच्या तळाला हात घालणार. मग वाडीत तोंड कुठं दाखवायचं? जेटीवर पोरंटोरं म्हणणार, तो बघा, सात मैलवाला.

शनिवारी गोदूबाई न्हाणीत गेली तर नवरा पाण्यानं भरलेल्या बादलीत डोकं घालून ओणवा उभा. तिनं पाठीवर थाप मारली तसा तो फुरफुरत वर आला.

"काय चाललंय?"

"तोंड धुतोय."

"कानापर्यंत? श्वास कोंडून?" ती दारातल्या पायरीवर बसली. "अहो, तुम्हाला पोहता येत नाय, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं."

गंगारामच्या मिशीवरून पाणी गळत होतं. "कोणी सांगितलं?"

"माझी कळशी विहिरीत पडलेली, आठवतं? पोहणारा माणूस असता तर त्यानं सदरा काढून उडी मारलीन असती. तुम्ही चार घरं फिरून गळ मागून आणलात. नवीन नवरी मी, माझ्यासमोर मिरवायची संधी सोडलीत. तेव्हाच म्हटलं, हां."

"बोलली नाहीस कधी."

"बोलायचं काय त्यात? मला बुडणारा नवरा नको होता, पोहणारा हवा असं कुठं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण एक सांगा. धुकं कापता, मुशीकडून माफी मागवता. सगळं खोटं लिहिता. मग त्या केरूचं तेवढं नाव-गाव खरं कशाला?"

गंगाराम बादलीत बघत राहिला. गोदूबाईनं पदरानं त्याचं डोकं पुसलं, जरा जोरातच.

"त्या वर्षी आमटीत गेला तो नारळ त्याचाच ना?" ती म्हणाली आणि उठली.

रविवारी भाट्याला सुरूच्या झाडांखाली मांडव घातला होता. दहाच्या सुमारास भरती पूर्ण होती. काठापासून पन्नासेक पावलांवर एक होडी नांगरून ठेवली होती, तिला झेंडूच्या माळा. गंगाराम पांढरा सदरा घालून खुर्चीत बसला आणि पाण्याकडे पाठ होईल अशी खुर्ची हळूहळू सरकवत राहिला.

केरू आला तो थेट एसटीतून. सडपातळ, डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. पासष्टीचा माणूस, पण चाल अजून शेतातल्या बांधावरून चालल्यासारखी. मंडळाच्या पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. "हेच ते केरू! आबांनी वाचवलेले!" दोघांना बोलायलाच मिळालं नाही. केरूनं लांबूनच हात जोडले आणि हसला. गंगारामनं ते हसू नीट न्याहाळलं. काही कळलं नाही.

विनीतनं माईक आधी केरूच्याच हातात दिला. "सांगा काका, त्या दिवशी काय झालं?"

गंगारामनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

केरूनं माईक डवल्यासारखा उभा धरला. "मला बोलाय येत नाय," तो म्हणाला. "त्या पाटंला पाण्यात आमी दोगंच हुतो. एकानं दुसऱ्याला धरलं. दोगं बी वर आलो. नसतो आलो, तर दोन घरं बसली असती. एवढंच हाय." आणि माईक परत दिला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती साधा माणूस!" विनीत म्हणाला.

गंगारामनं मात्र शब्द न् शब्द तोलला. एकही खोटा नव्हता. आणि एकानंही त्याला उघडं पाडलं नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी 'भात लागला वाटतं' म्हणणारा हा माणूस आजही तेच म्हणत होता. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्या गिळता आल्या असत्या, हे गिळता येईना. तो उठला, माईक ओढून घेतला.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "मला पोहता येत नाही."

मग मागून कोणीतरी फस्‌कन हसलं आणि सगळा मांडव फुटला.

"आबा, काय पण थाप!"

"अरे खरंच नाही येत! मीच पडलेलो. केरूनं मला काढलं!"

आणखी हशा. एक बाई डोळे पुसायला लागली.

"कॉलर दातांत नव्हती! डवला होता! भाताचा! शितं लागलेली त्याला!"

"डवला!" विनीत मांडी थोपटत खालीच बसला. "आबा, ही सगळ्यांत भारी! लिही गं सानिका, लिही!"

गंगाराम पेटला. त्यानं सुरुवातीपासून सगळं सांगितलं. पंखा, कोयती, लाट, दोर, स्वतः बोललेलं खोटं, पाच नारळ आणि सहावा. जितकं खरं सांगे तितके लोक जास्त हसत. तो शपथा घालत होता, गणपतीच्या, आईच्या, गोदूबाईच्या. आयुष्यभर ज्यानं थापा मारून टाळ्या घेतल्या, त्याला खऱ्यासाठी एक मान हलवणारा मिळेना. दीड-दोन तास गेले. शेवटी विनीतनं हात धरून त्याला उठवला, "आबा, पोरं ताटकळलीत. आता उडी!"

छोट्या होडीतून त्याला मोठ्या होडीवर नेलं. "माझ्याबरोबर केरू येईल," एवढंच तो बोलला. जीवरक्षक जॅकेट तिथं पडलं होतं, पण सात मैलवाल्या माणसाला ते घाला असं कोण म्हणणार? समुद्राला द्यायला म्हणून विनीतनं त्याच्या हातात नारळ ठेवला, शेंडी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला, आणि तो काठाकडे परत गेला.

होडीत दोघंच राहिले. किनाऱ्यावरून पोरं ओरडत होती, "आबा, आबा!"

"केरू," गंगाराम म्हणाला, "तेव्हा मी तुला सांगावा धाडला नाही."

"नाय धाडलात."

"स्टँडपर्यंत आलो होतो. नारळ घेऊन."

"ते आत्ता कळलं, मांडवात." केरूनं डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला बांधला. "पैलं वरीस लय वाट बगितली. कंडक्टरला इचारायचो. मग शेताकडं लागलो. आनि औंदा सानवी मोबाइल वाचाय लागली. म्हनायची, आज तांडेलानं तुमचं नाव लिवलंय, आजोबा. उद्या परत. दोन मैल, चार मैल, सात मैल. मी म्हटलं, बगा, हा मानूस सांगावा धाडतोय. पत्ता तर बराबर घातलान."

गंगारामनं हातातला नारळ बघितला. समुद्राकडे बघून म्हणाला, "तुला पुढच्या वेळी," आणि नारळ केरूच्या पुढ्यात धरला. "हा तुझा. पस्तीस वर्षं उशीर झाला. माझी बायको, माझी नात, हे अकरा हजार अंगठे, सगळं त्या डवल्याच्या पुढचं आहे रे. कधी बोललो नाही. आज बोलतो. तुझ्यामुळं आहे मी."

केरूनं नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. शेंडी तेवढी बाहेर ठेवून पिशवीला गाठ मारली आणि ती काखेत घेतली. मग म्हणाला, "मारा आता उडी. मी हाय."

एवढंच ऐकायचं होतं. गंगाराम तांडेलानं डोळे मिटले, नाक धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायांनी पाण्यात गेला. तोंडाच्या बाजूनं नव्हे, बुडाच्या बाजूनं. धप्‌ आवाज झाला. हात-पाय सगळ्या दिशांना मारले, पोटभर पाणी प्यायला, देवाचं नाव घेतलं, आणि मग दंडाला एक हात लागला. ओळखीचा. त्या हातानं त्याला काठापर्यंत आणला. लोकांनी दोघांना उचलून नाचवलं. मुलांची शर्यत मग होडी आणखी आत नेऊन झाली, छान झाली.

दुपारी घरी गोदूबाईनं केरूला पाटावर बसवला. बांगड्याची आमटी, उकड्या तांदळाचा भात. वाढताना तिच्या हातात काळपट पडलेला करवंटीचा एक डवला होता. केरूचा घास हातातच राहिला.

"वैनी, ह्यो..."

"यांच्या पेटीत तळाला होता, फडक्यात बांधलेला," गोदूबाई म्हणाली. "मी कधी विचारलं नाय. आज मांडवात ऐकलं आणि काढला. मी एकटीनंच खरं मानलं बघा तुमच्या तांडेलाचं, बाकी गाव हसून हसून मेलं. घ्या भावजी, भात घ्या. माझं कुंकू राखलंत तुम्ही, तुम्हाला काय काय वाढू असं झालंय मला."

"पुरे वैनी," केरू पुटपुटला आणि ताटात बघत राहिला. गंगारामनं आज ताट चाटूनपुसून खाल्लं.

जेवणानंतर सानिका मोबाइल घेऊन बसली. "आबा, बोला. आजचं काय लिहू?"

"जसं झालं तसं लिही. केरूनं मला वाचवलं. दोनदा."

तिनं लिहिलं. पाच मिनिटांत खाली साठ जणांनी हसणारे चेहरे टाकले. 'आबा, ही थाप एक नंबर.' गंगारामनं हात टेकले. "खरं सांगायची सोय राहिली नाही गो मला."

"असं कोरडं लिवून कोन मानंल?" केरू एकदम म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. जन्मात ज्यानं खोटं अक्षर तोंडातून काढलं नव्हतं, तो केरू पाट सरकवून पुढं झाला होता, डोळे लुकलुकत होते. "पोरी, मी सांगतो, तू लिव. तांडेलांनी उडी मारली. पानी चाळीस हात खोल. वरनं भोवरा. मी पोवतोय, पोवतोय, तळ लागंना. आनि तेवड्यात ती मुशी..."

"कसली मुशी?" गोदूबाई डवला हातात घेऊन चुलीपासून उठली. "कसले चाळीस हात? यांच्या भाषणात दोन तास गेले, तोवर ओहोटी लागून पाणी निघून गेलेलं. इतकी वर्षं तांडेलकी केलेल्या माणसाला ते कळलं नाय! मी काठावर उभी होते भावजी. तुम्ही पोहत नव्हतात, उभे होतात! पाणी तुमच्या छातीला होतं, आणि पिशवी भिजू नये म्हणून डोक्यावर धरलीत ती नारळाची शेंडी मला तिथून दिसत होती!"